ताऱ्याची गळती

माण तालुक्यातल्या आमच्या गावी पौषात पहाटेची थंडी अशी पडते की विहिरीच्या पाण्यावर वाफ दिसते आणि माणसाला बोटे वाकवणे नकोसे होते. लहानपणी अशा पहाटे मी आप्पांबरोबर गोठ्यामागच्या उकिरड्यावर जात असे. उकिरड्याचा वरचा थर दवाने भिजलेला आणि गार असायचा, पण वीतभर आत हात घातला की चांगली ऊब लागायची, आणि कोपरापर्यंत घातला तर हात पटकन मागे घ्यावा लागायचा. आप्पा सांगायचे की ढीग लहान असला तर तापत नाही, मोठा असला तरच तापतो. हे त्यांचे निरीक्षण होते आणि त्यामागचे कारण त्यांनी कधी विचारले नव्हते, मीही नाही.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, पुणे विद्यापीठात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला खगोलभौतिकी हा विशेष विषय घेतल्यावर, पहिल्याच तासाला मॅडमनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. सूर्य दर सेकंदाला जी ऊर्जा बाहेर टाकतो ती ३.८ गुणिले १० चा २६ वा घात इतके वॅट, आणि त्याचे वस्तुमान २ गुणिले १० चा ३० वा घात इतके किलो. त्यांनी आम्हाला भागाकार करायला सांगितला. उत्तर आले ते पाहून मी पुन्हा भागून पाहिले, कारण किलोमागे एका वॅटचा जेमतेम पाच हजारावा भाग येत होता. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर किलोमागे एक-दीड वॅट उष्णता देत असते. म्हणजे वस्तुमानाच्या हिशेबाने वर्गातला प्रत्येक विद्यार्थी सूर्यापेक्षा हजारो पटींनी अधिक तेजस्वी होता. सूर्याच्या अगदी केंद्रबिंदूपाशी जाऊन पाहिले, तरी तिथे घनमीटरमागे सुमारे पावणेतीनशे वॅटच निर्माण होतात, आणि ही संख्या कुजणाऱ्या खताच्या ढिगाच्या पंगतीत बसणारी आहे. मॅडम हे इंग्रजीतून सांगत होत्या आणि त्यांनी वापरलेला शब्द वेगळा होता, पण माझ्या मनात उमटला तो उकिरडाच.

मग सूर्याच्या केंद्राशी दीड कोटी केल्विन तापमान कसे? शाळेपासून आम्ही पाठ केलेले उत्तर असे होते की सूर्य ही एक प्रचंड अणुभट्टी आहे, तिच्यात हायड्रोजनचे हेलियम होते, आणि त्या भट्टीमुळे सूर्य तापलेला राहतो. हे उत्तर चूक आहे असे एका वाक्यात म्हणता येणार नाही, पण त्यातला कार्यकारणभाव उलटा लावलेला आहे, आणि तो सुलटा व्हायला मला पुढची दोन सत्रे लागली. त्या दोन सत्रांविषयी मला लिहायचे आहे, कारण ताऱ्यांविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात कृष्णविवरे आणि महास्फोट पुष्कळ असतात, आणि आकाशात शांतपणे चमकत राहणारा साधा तारा, जो मला सर्वांत नवलाचा वाटतो, तो पहिल्या दोन परिच्छेदांतच मागे पडतो.

विषय घेताना आमच्यापैकी बऱ्याच जणांची कल्पना होती की आता रात्री दुर्बिणीपाशी जागायचे. पहिले दोन महिने आम्ही एकही तारा पाहिला नाही. त्याऐवजी आदल्या वर्षी सुटे सुटे शिकलेले आणि परीक्षेनंतर विसरायच्या वाटेवर असलेले सगळे विषय एकेक करून परत आले. सांख्यिकीय भौतिकी, क्वांटम यामिकी, विद्युतचुंबकीय लहरी, अणुकेंद्राची भौतिकी हे चार वेगवेगळ्या पेपरांचे विषय एकाच वस्तूच्या पोटात एकत्र काम करताना मी प्रथम इथे पाहिले. पदव्युत्तर अभ्यासक्रमात दुसऱ्या कुठल्याही विषयाने मला हे दिले नाही, आणि म्हणून ज्यांना पुढे खगोलशास्त्रात जायचे नाही त्यांनीही हा पेपर घ्यावा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना आजही आग्रहाने सांगते.

सुरुवात झाली ती न्यूटनच्या नियमांनी. ताऱ्यातला एक पातळ थर घ्यायचा. त्याच्या आतले सगळे वस्तुमान त्याला खाली खेचते, आणि खालच्या वायूचा दाब वरच्या वायूच्या दाबापेक्षा थोडा अधिक असल्यामुळे तो वर उचलला जातो. दोन्ही बले सारखी असली तर थर जागच्या जागी राहतो. याला हायड्रोस्टॅटिक इक्विलिब्रियम म्हणतात आणि एका ओळीत ते समीकरण संपते. त्याचे गांभीर्य मात्र पुढच्या उदाहरणात कळले. समजा हा दाब एका क्षणी नाहीसा झाला, तर सूर्य स्वतःच्या भाराने केंद्राशी कोसळायला किती वेळ लागेल? उत्तर सुमारे अर्धा तास असे येते. साडेचारशे कोटी वर्षांपेक्षा अधिक काळ जी गोष्ट जागची हललेली नाही, तिला कोसळायला अर्धा तास पुरेसा आहे. आकाशातल्या सूर्याकडे मी त्या दिवशी संध्याकाळी विद्यापीठाच्या मैदानावरून पाहिले तेव्हा तो तोलून धरलेला आहे ही जाणीव पहिल्यांदा झाली. केंद्रावरचा हा दाब आपल्या वातावरणाच्या दाबाच्या सुमारे पंचवीस हजार कोटी पट आहे. तिथली घनता शिशाच्या तेरा पट आहे. आणि तरीही तिथला पदार्थ वायूच आहे, कारण त्या तापमानाला अणूंची बाहेरची कवचे गळून पडलेली असतात आणि सुटी अणुकेंद्रे व इलेक्ट्रॉन यांना हिंडायला भरपूर जागा उरलेली असते.

सत्राच्या मध्यावर आम्हाला लेन-एम्डेन समीकरण संगणकावर सोडवायचा प्रकल्प मिळाला. अमेरिकेतल्या जोनाथन होमर लेनने १८७० मध्ये सूर्याला वायूचा गोल मानून हा विचार सुरू केला आणि रॉबर्ट एम्डेनने १९०७ मध्ये त्याला पूर्ण रूप दिले. दाब आणि घनता यांच्यात एक सोपा घातांकी संबंध आहे (त्यातला घात ठरवणाऱ्या आकड्याला निर्देशांक म्हणतात) असे गृहीत धरले, तर केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत घनता कशी उतरत जाईल हे त्यातून कळते. वसतिगृहातल्या आमच्या खोलीत एक जुना संगणक होता आणि मला फोरट्रान ही संगणकाची भाषा बेताचीच येत होती. प्रोग्रॅम चालवला की पहिल्याच पायरीला उत्तराच्या जागी आकडा न येता निरर्थक अक्षरे येत. तीन रात्री मी चूक शोधत होते. चूक अशी होती की समीकरणात अंतराने भागलेले एक पद आहे आणि मी सुरुवातच केंद्रापासून, म्हणजे शून्य अंतरापासून, करत होते. संगणक शून्याने भागत होता. उपाय साधा होता: अगदी केंद्रापाशी उत्तर कसे वागते हे आधी कागदावर मालिकेच्या रूपात काढायचे, तिथून एक बारीक पाऊल बाहेर टाकायचे, आणि मगच संगणकाच्या हाती सोपवायचे. तसे केल्यावर घनतेचा आलेख हळूहळू खाली येत गेला आणि ६.८९७ या अंतरावर शून्य झाला. पाठ्यपुस्तकातल्या कोष्टकात निर्देशांक तीनसाठी हाच आकडा होता.

रात्रीचे दोन वाजले होते आणि सांगायला कोणी जागे नव्हते. त्या आकड्यात सूर्याचे वस्तुमान आणि त्रिज्या घालून मी केंद्राचे तापमान काढले, तर ते सव्वा कोटी केल्विनच्या आसपास आले. खऱ्या किमतीच्या इतक्या जवळ पोहोचताना मी अणुकेंद्रांच्या संमीलनाविषयी काहीही गृहीत धरले नव्हते. सूर्य किती जड आहे, किती मोठा आहे आणि तो वायूचा आहे, एवढेच मी वापरले होते. ऊर्जा कुठून येते हे मला माहीतच नसते, तरी तापमान हेच आले असते. शाळेतल्या उत्तराला पहिला तडा गेला तो इथे: स्वतःचा भार पेलायचा असेल तर ताऱ्याला एवढे तापलेले असणे भाग आहे, मग आत भट्टी असो वा नसो.

दुसरा तडा व्हिरियल प्रमेयाने दिला, आणि तो खोल होता. गुरुत्वाने बांधलेल्या वायूच्या गोलाची एकूण ऊर्जा ऋण असते आणि तिचे मूल्य त्याच्या उष्णतेइतकेच असते, एवढेच हे प्रमेय सांगते. वहीत उतरवताना मला त्यात विशेष काही दिसले नाही. मग मॅडमनी विचारले की अशा गोलातून थोडी ऊर्जा बाहेर गळून गेली तर काय होईल. आम्ही सगळे एका सुरात म्हणालो की तो थंड होईल. चुलीवरून उतरवलेले भांडे थंड होते, तसाच तो होणार. त्यांनी एकूण ऊर्जा कमी करून दाखवली. ती अधिक ऋण झाली. आणि समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला उष्णता वाढली. गोल आकसतो, आकसताना गुरुत्वाची ऊर्जा मोकळी होते, तिच्यातली अर्धी बाहेर निघून जाते आणि उरलेली अर्धी वायूला आणखी तापवते. उष्णता गमावल्यामुळे तारा अधिक उष्ण होतो.

हे पचवायला मला फार दिवस लागले, कारण रोजच्या व्यवहारात याला जोड नाही. माठातले पाणी पाझरते म्हणून आतले पाणी गार राहते, हे आपल्या हाताला ठाऊक आहे. तारा हा उलटा माठ आहे. तो जितका पाझरतो तितका तापतो. उकिरड्याची उपमाही मला इथे सोडून द्यावी लागली, कारण उकिरड्याची ऊब कुजण्यातून येते आणि ताऱ्याची मूळची उष्णता पडण्यातून, आकसण्यातून आलेली असते. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि केल्व्हिन यांनी याच आकसण्यावर सूर्याचे आयुष्य मोजले होते. ते सुमारे तीन कोटी वर्षे भरते. तो काळ भूशास्त्रज्ञांना आणि डार्विनला अपुरा वाटत होता, आणि बरोबर ते होते. पण केल्व्हिनचा हिशेब चुकलेला नव्हता. सूर्य आकसत राहू नये अशी काही तरी सोय आत असली पाहिजे, एवढीच गोष्ट त्यात यायची राहिली होती.

त्या सोयीकडे जाण्याआधी गळतीविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण ताऱ्याचे तेज ज्याला आपण म्हणतो ते म्हणजे ही गळतीच आहे. केंद्राशी निर्माण झालेला प्रकाश सरळ बाहेर पडत नाही. सेंटिमीटरभरही न जाता तो एखाद्या इलेक्ट्रॉनवर आदळतो, दिशा बदलतो, पुन्हा आदळतो, आणि गर्दीच्या जत्रेत वाट चुकलेल्या मुलासारखा भरकटत पृष्ठभागाशी येतो. या प्रवासाला हजारो वर्षांपासून लाखभर वर्षांपर्यंत काळ लागतो, आणि पृष्ठभागापासून आपल्या अंगणापर्यंत यायला आठ मिनिटे वीस सेकंद. बाहेर किती प्रकाश पडावा हे आतला वायू त्याला किती अडवतो यावर ठरते. आर्थर एडिंग्टन यांनी १९२० च्या दशकात याच विचाराने दाखवले की ताऱ्याचे तेज त्याच्या वस्तुमानाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढले पाहिजे, आणि मोजलेले तारे त्या रेषेवर येऊन बसले. तेव्हा ताऱ्यांच्या ऊर्जेचा स्रोत कोणालाही नेमका माहीत नव्हता. मला हा विज्ञानाच्या इतिहासातला फार मोठा क्षण वाटतो. चुलीत काय जळते आहे हे न पाहता, भिंतीच्या जाडीवरून बाहेर किती ऊब येईल हे त्यांनी सांगितले होते.

अर्थात भिंत कशाची आहे हे कळणे आवश्यक होते, आणि इथे आपल्या देशाचा एक माणूस या कथेत येतो. १९२० मध्ये कोलकात्यात असलेल्या मेघनाद साहा यांनी तापमान आणि दाब दिले असता वायूतले किती अणू इलेक्ट्रॉन गमावून बसतील, हे सांगणारे समीकरण मांडले. आमच्या प्रयोगशाळेत खिडकीतून येणारा सूर्यप्रकाश त्याचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या जाळीवर घेऊन वर्णपट पाहण्याचा एक प्रयोग होता. रंगांच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेषा दिसत आणि सोडियमची जोडरेषा ओळखू आली की मोठा आनंद होई. सोडियमची रेषा ठळक दिसते म्हणून सूर्यात सोडियम पुष्कळ आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. साहांच्या समीकरणाने हा गैरसमज दूर केला. व्याधाच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा ठसठशीत आहेत आणि सूर्याच्या वर्णपटात त्या मानाने फिक्या, याचे कारण दोघांतल्या हायड्रोजनच्या प्रमाणात नसून तापमानात आहे. हे समीकरण हाती घेऊन सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने हार्वर्डमध्ये १९२५ साली ताऱ्यांतल्या मूलद्रव्यांचे हिशेब केले आणि तारे मुख्यतः हायड्रोजन व हेलियम यांचे आहेत हे तिच्या उत्तरात आले. हेन्री नॉरिस रसेल यांच्यासारख्या ज्येष्ठांना ते पटले नाही, आणि प्रबंधात तिला हा आकडा बहुधा खरा नसावा असे लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल स्वतःच्या मार्गाने त्याच निष्कर्षाला आले. तिच्या त्या माघारीच्या वाक्याविषयी मॅडम वर्गात बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता, आणि मी ते विसरलेले नाही.

तारा हायड्रोजनचा आहे की लोखंडाचा, याने काय बिघडते? वायूच्या कणांचे सरासरी वजन बदलते. इलेक्ट्रॉन सुटलेल्या हायड्रोजनमध्ये ते प्रोटॉनच्या वजनाच्या अर्धे भरते आणि लोखंडात सुमारे दुप्पट. तेज या सरासरी वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणून अडवण्याची क्षमता तीच धरली, तर तेवढ्याच वस्तुमानाचा लोखंडी सूर्य अडीचशे पटींनी अधिक तेजस्वी झाला असता. पेन यांचा आकडा असा थेट ताऱ्याच्या पोटात पोहोचतो.

हेलियमचे नाव निघाले की आपल्याकडे विजयदुर्गाचा उल्लेख होतो, कारण १८६८ च्या ग्रहणात लॉकियर यांनी तिथूनच हेलियम शोधला अशी लोककथा आहे, आणि त्याविषयी एक खुलासा करावासा वाटतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या ज्वालांचे वर्णपट भारतातून घेतले गेले. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल यांची तुकडी पटवर्धनांच्या जमखंडीला होती. नॉर्मन लॉकियर मात्र त्या वर्षी इंग्लंडमध्ये होते आणि तिथूनच त्यांनी ग्रहणावाचून ज्वालांचा वर्णपट घेतला. ते विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी नेगमवाला आपली उपकरणे घेऊन जेऊरला गेले होते. ताऱ्यांचे वर्णपट घेण्यासाठी पुण्यात एकोणिसाव्या शतकात वेधशाळा होती, हे मला एम.एस्सी. होईपर्यंत ठाऊक नव्हते. विजयदुर्गाच्या लोककथेपेक्षा हा खरा इतिहास आपल्याला अधिक अभिमानाचा वाटायला हवा, असे माझे मत आहे.

आता ती सोय. आकसता आकसता केंद्राचे तापमान कोटीच्या घरात गेले की हायड्रोजनची अणुकेंद्रे एकमेकांना भिडू लागतात. खरे पाहता त्यांनी भिडू नये, कारण दोघांवरही धन भार आहे आणि ती भिंत ओलांडायला लागणारी ऊर्जा तिथल्या सरासरी औष्णिक ऊर्जेच्या शेकडो पट आहे. तारे यासाठी पुरेसे उष्ण नाहीत, असा आक्षेप एडिंग्टन यांच्यावर घेतला गेला तेव्हा त्यांनी आक्षेपकांना याहून उष्ण जागा शोधायला सांगितले होते. उत्तर क्वांटम यामिकीतून आले. १९२८ मध्ये गॅमो यांनी दाखवले की कण भिंतीवरून न जाता तिच्यातून पार होऊ शकतो, आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅटकिन्सन आणि हाउटरमान्स यांनी ही कल्पना ताऱ्यांना लावली. हायड्रोजनचे हेलियम होण्याच्या साखळीचा तपशील हान्स बेथे यांनी १९३९ पर्यंत पूर्ण केला. तरीही हे घडणे अतिशय दुर्मिळ आहे. सूर्याच्या केंद्रातल्या एखाद्या प्रोटॉनला दुसऱ्याशी जुळायला सरासरी नऊशे कोटी वर्षे वाट पाहावी लागते. दर सेकंदाला साठ कोटी टन हायड्रोजन वापरला जातो, आणि तरी किलोमागे वॅटचा पाच हजारावा भागच निघतो, याचे कारण ही अफाट संथता आहे.

एवढ्या संथ क्रियेने गळती तेवढी भरून निघते. बाहेर जाते तेवढेच आत निर्माण होऊ लागले की आकसणे थांबते. क्रिया थोडी वाढली तर केंद्र फुगते, व्हिरियल प्रमेयानुसार थंड होते आणि क्रिया मंदावते. ती मंदावली तर केंद्र आकसते, तापते आणि क्रिया पुन्हा वेग घेते. म्हणजे ज्या उलट्या स्वभावाने मला गोंधळात टाकले होते तोच ताऱ्याला स्थिर ठेवतो. तारा जर चुलीवरच्या भांड्यासारखा वागला असता, तर पहिल्याच भडक्यात फुटून गेला असता. आणि शाळेतले उत्तर आता सुलटे होते: संमीलन ताऱ्याला तापवत नाही, त्याला आणखी तापू देत नाही. केल्व्हिनच्या तीन कोटी वर्षांचे हजार कोटी वर्षांत रूपांतर करणे, हे त्याचे काम आहे. मी महाविद्यालयात शिकवू लागले तेव्हापासून दरवर्षी हे वाक्य फळ्यावर लिहिते, आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी सांगते की मॅडम, शब्दांचा क्रम चुकला आहे.

मग तारा थंड कधीच होऊ शकत नाही का, हा प्रश्न वर्गात माझ्या शेजारच्या मैत्रिणीने विचारला होता. जोवर दाब तापमानावर अवलंबून आहे तोवर होऊ शकत नाही. त्याला दुसरा कोणता तरी आधार मिळाला पाहिजे. हा आधार इलेक्ट्रॉन देतात; ते फार दाटीने कोंडले गेले की दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत या क्वांटम नियमामुळे दाब निर्माण करतात, आणि तो दाब तापमान उतरले तरी टिकतो. व्याधाचा सोबती असाच आहे: वस्तुमान सूर्याइतके, आकार पृथ्वीएवढा. अशा श्वेतबटूला अखेर निवण्याची मुभा मिळते. पण तीही सर्वांना नाही. जुलै १९३० च्या अखेरीस मुंबईहून युरोपला निघालेल्या बोटीवर एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर या इलेक्ट्रॉनांच्या वेगांचा हिशेब सापेक्षतेला धरून करत होते, आणि त्यांना दिसले की वस्तुमानाच्या एका मर्यादेपलीकडे, आजच्या हिशेबाने सूर्याच्या सुमारे १.४ पटींपलीकडे, हा आधारही तुटतो. या हिशेबात त्यांनी वापरलेले समीकरण लेन-एम्डेनचेच होते आणि निर्देशांक होता तीन, म्हणजे वसतिगृहातल्या संगणकावर मी काढलेला तोच ६.८९७. १९३५ च्या जानेवारीत लंडनमध्ये एडिंग्टन यांनीच भर सभेत त्यांचा निष्कर्ष हास्यास्पद ठरवला. ज्यांच्या विचाराने मी तारा समजून घेतला त्यांचे हे वागणे वाचून मला आजही वाईट वाटते. चंद्रशेखर बरोबर होते, आणि १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

कागदावरचा हा तारा खरा आहे याची खात्री कशी करायची, हा शेवटचा धडा होता. संमीलनात न्यूट्रिनो नावाचे कण तयार होतात आणि ते कुठेही न अडता थेट बाहेर पडतात. अमेरिकेतल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत रेमंड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ते मोजले, तर अपेक्षेच्या तिसरा हिस्साच मिळाले. तीस वर्षे हा प्रश्न होता की केंद्राचे तापमानच चुकले आहे काय. २००१-०२ मध्ये कॅनडातल्या सडबरी येथील प्रयोगाने दाखवले की न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात. सगळे प्रकार मोजले तर संख्या पुरेपूर भरते. तापमान बरोबर होते. तिथे कोणी कधी जाणार नाही, तिथला प्रकाशही आपल्यापर्यंत जसाच्या तसा येत नाही, आणि तरी ते तापमान आपल्याला एका टक्क्याच्या आसपासच्या अचूकतेने माहीत आहे.

गेल्या पौषात गावी गेले होते. आप्पा आता ऐंशीच्या घरात आहेत, तरी पहाटे उकिरड्यावर जातात. सूर्य उगवत होता आणि खोऱ्याने उकरलेल्या खतातून वाफ निघत होती. मी त्यांना सूर्य आणि उकिरडा यांचा हिशेब सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि विचारले, "आन् त्येच्या आतला जाळ आज इझला, तर आपल्याला कवा कळंल?"

मी सांगितले, "उजेडावरून कळणारच नाही, आप्पा. आपल्या कितीतरी पिढ्या जातील, तरी सूर्य असाच उगवेल. तो आतल्या आत आकसत राहील आणि त्या आकसण्यावरच लाखो वर्षे उजेड देईल."

"मंग कशावरनं कळायचं?"

मग मी त्यांना न्यूट्रिनोंविषयी सांगितले. की ते केंद्रातून निघतात आणि आठ मिनिटांत इथे पोहोचतात, की आपल्या अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला सहा हजार कोटींहून अधिक पार होतात, की जपानमध्ये डोंगराखाली हजार मीटरवर पन्नास हजार टन पाण्याची टाकी आहे आणि त्यातले काही मोजके तिथे सापडतात. आज तिथला जाळ विझला, तर आठ मिनिटांनी त्या टाकीत सूर्याचे न्यूट्रिनो येणे बंद होईल, बाहेर ऊन तसेच पडलेले असेल.

"रातच्याला सुदीक येत्यात?"

"रात्रीही येतात. तेव्हा सूर्य पृथ्वीच्या पलीकडे असतो, म्हणून खालून येतात, जमिनीतून वर."

आप्पा थोडा वेळ पायाखालच्या मातीकडे पाहत राहिले. मग त्यांनी खोरे उचलले आणि मी पाटी धरली.